ठिपक्याचा अर्थ विचारणारी माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक शिकलेल्या आपल्या मुलांच्या नोकऱ्यांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस जी पत्रं छापून येत आहेत, त्यांची कात्रणं मी जपून ठेवली आहेत. एका पालकांनी लिहिलं की एआयने मुलाच्या पोटावर पाय आणला. एका प्राध्यापकांनी लिहिलं की अभ्यासक्रमात नव्या भाषा आणल्या की प्रश्न सुटेल. दोघांची तळमळ खरी आहे. पण १९९७ पासून मी ज्या कामावर पोट भरतो आहे, त्या सिस्टीम ॲनालिस्टच्या कामाकडे पाहता मला वाटतं की आपण दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे लावत आहोत. पत्र लांबलं आहे, जमेल तेवढं छापावं ही विनंती.

धरणगावात कोणी विचारलं की बाबा, तू नेमकं करतोस काय, तर मी घराचं उदाहरण देतो. गवंडी भिंत बांधतो. पण त्याआधी घरात माणसं किती, म्हातारी आई जिना चढू शकते का, म्हैस कुठे बांधणार, लग्नकार्याला मांडव कुठे पडणार, हे विचारून कोणीतरी नकाशा काढावा लागतो. प्रोग्रॅमर गवंडी आहे, मी नकाशा काढणारा. बँक असो, दवाखाना असो की जिनिंग फॅक्टरी, तिथलं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि संगणकाने त्यातलं काय करावं, काय करू नये, ते लिहून द्यायचं.

माझी सुरुवात मात्र विचारण्यातून झाली नाही. जळगावहून बीएस्सी करून संगणकाचा कोर्स केला आणि पुण्याला गेलो तेव्हा वायटूकेची धावपळ चालू होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच अंक लिहिलेले असत, त्यामुळे २००० साल आलं की संगणक त्याला १९०० समजेल ही धास्ती होती. आम्ही शेकडो पोरं परदेशी विमा कंपन्यांच्या, कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममध्ये तारखा शोधत बसलेलो असायचो. ज्या माणसांचं ते काम होतं, त्यांचा चेहराही कधी पाहिला नाही. कागद वाचायचा, खूण करायची, पुढचा कागद घ्यायचा. तीन वर्षांत मला ती सवय जडली, आणि ती किती महागात पडते हे मला माझ्या घरातच कळलं.

अमेरिकेतला डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, बुडबुडा फुटला, कंपन्यांनी माणसं कमी केली आणि २००३ च्या उन्हाळ्यात मी धरणगावला परत आलो. आमचे नाना एका जिनिंगमध्ये मुनीम होते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, शेतकऱ्याचा कापूस पणन महासंघच घ्यायचा आणि जिनिंगवाले तो फक्त रेचून, म्हणजे सरकी वेगळी करून, गाठी बांधून द्यायचे. २००२ नंतर खासगी खरेदी खुली झाली. नानांच्या जिनिंगच्या काट्यावर शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर थेट येऊ लागले. मालक म्हणाले, पोरगा पुण्याहून आलाय, तर खरेदीचा हिशेब संगणकावर घेऊ. मी नानांच्या वह्या चाळल्या, रकाने उतरवून घेतले: नाव, गाव, वजन, कटती, भाव, उचल, बाकी. आठवडाभरात फॉक्सप्रो या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम तयार झाला. भावाचा रकाना रिकामा ठेवला तर पावती निघणार नाही अशी सोय मी अभिमानाने केली होती. पुस्तकात तसंच शिकवलेलं होतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी ताळा घेतला तर संगणक म्हणत होता की मालाच्या किमतीपेक्षा शेतकऱ्यांना कितीतरी जास्त पैसे दिले गेलेत. एका शेतकऱ्याचा ४० क्विंटल कापूस, किंमत ४० रुपये आणि उचल ४०,००० रुपये. असे पन्नासच्या वर शेतकरी. पैसे नानांच्या हातून गेले होते, सह्या त्यांच्या होत्या. मालक सज्जन माणूस, तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. पण तिजोरीची किल्ली, जी एकतीस वर्षं नानांच्या कमरेला असायची, ती त्यांनी तीन दिवस स्वतःकडे ठेवली. घरात कोणी धड जेवलं नाही.

चौथ्या दिवशी नानांनी लाल वही माझ्यासमोर उघडली आणि काही नावांपुढच्या तांबड्या शाईच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हाऊ ठिपका कसाना शे, हाई तू माले इचारंच नही." हा ठिपका कशाचा आहे, हे तू मला विचारलंच नाहीस, एवढंच बोलले.

ठिपका म्हणजे माल आला, भाव अजून कापलेला, म्हणजे पक्का ठरलेला, नाही. गिरणाकाठचे बरेच शेतकरी कापूस फॅक्टरीत आणून टाकत, घरात साठवायला जागा नाही, उंदीर-आगीची भीती. थोडी उचल घेऊन जात आणि संक्रांतीनंतर भाव वाढला की येऊन त्या दिवशीच्या दराने हिशेब करत. कापूस तोवर रेचून गाठीत गेलेला असे, उरलेला असे तो दोघांमधला शब्द. त्या शब्दाची खूण म्हणजे ठिपका. माझ्या प्रोग्रॅममध्ये ठिपक्याला जागाच नव्हती. भाव टाकल्याशिवाय पावती निघेना, म्हणून संगणकावर बसवलेल्या पोराने प्रत्येक ठिपक्याच्या नावापुढे १ रुपया भाव टाकला होता. त्याने कोणाला विचारलं नाही, कारण मीही कोणाला विचारलं नव्हतं.

किल्ली नानांना परत मिळाली. नाना आता नाहीत. पण संगणकाच्या आकड्यामुळे प्रामाणिक माणसाकडे संशयाने पाहिलं जातं तेव्हा त्याच्या घरात काय होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांची बातमी वाचली तेव्हा मला झोप लागली नाही. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती चुकीची तूट दाखवायची. पोस्टमास्तर सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरवले गेले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. अखेर २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आमच्या घरची गोष्ट तीन दिवसांत मिटली, कारण तिथे लाल वही होती आणि ती उघडायला लावणारा माणूस समोर बसलेला होता. आता वही नसते आणि माणूस दुसऱ्या देशात असतो. आमच्या धंद्यात काय बदललं असं कोणी विचारलं तर माझ्या मते सर्वांत मोठा बदल हाच आहे.

पुढे परत पुण्याला नोकरी मिळाली आणि २०१० मध्ये एका परदेशी कापूस व्यापाऱ्याच्या प्रणालीचं काम आमच्याकडे आलं. पहिल्याच कॉलवर तिकडच्या बाई सांगू लागल्या की त्यांचे बरेच सौदे 'ऑन कॉल' असतात. सूतगिरणी माल आज घेते, भाव मात्र न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातल्या दराला बांधलेला असतो, आणि तो कोणत्या दिवशी पक्का करायचा ते गिरणी नंतर ठरवते. माझ्या बरोबरची हुशार मुलं गोंधळून गेली. मला डोळ्यांसमोर तांबडा ठिपका दिसत होता. अमेरिकेचं वायदे बाजाराचं सरकारी नियामक खातं असे भाव न कापलेले सौदे किती आहेत याचा आकडा दर आठवड्याला प्रसिद्ध करतं, एवढा तो तिथे मोठा व्यवहार आहे. धरणगावच्या वहीतला ठिपका आणि न्यूयॉर्कचा ऑन कॉल यांत हुशारीचा फरक नाही, कागदाचा आहे.

मी बाईंना विचारलं: भाव कापण्याचा हक्क घेणाऱ्याचा की देणाऱ्याचा? शेवटची तारीख कोणती? त्या तारखेपर्यंत कोणी आलंच नाही तर काय? तोवर उचल किती आणि भाव उलटला तर ती कोण भरून काढणार? त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, हे प्रश्न आम्हाला आजवर कोणत्याही संगणकवाल्याने विचारले नव्हते. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला आणि उन्हाळा सरेपर्यंत निम्म्याच्या आसपास आला. जगभर सौदे मोडले. त्या काळात 'आज किती मालाचा भाव उघडा आहे' हे दाखवणारा आमचा पडदा तिकडे दिवसभर चालू असायचा. ती कल्पना नानांची होती.

तेव्हापासून साधनं किती बदलली त्याची जंत्री इथे देत नाही. फॉक्सप्रो गेलं, डेटा फ्लो डायग्रॅमच्या आकृत्या गेल्या, यूएमएलच्या आकृत्या आल्या आणि मागे पडल्या, २००१ च्या जाहीरनाम्यातून निघालेली, थोडं थोडं करून दाखवत पुढे जाण्याची अजाईल पद्धत आली, क्लाउड आला. ही अवजारं दोन-चार महिन्यांत शिकता येतात आणि पाच-सात वर्षांत टाकून द्यावी लागतात. मीही शिकलो, टाकली. खोलात जायला हवं ते वेगळ्याच गोष्टींच्या.

उदाहरणार्थ मापं. आपल्याकडे कापूस क्विंटलवर, रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव खंडीवर म्हणजे ३५६ किलोवर, गाठ १७० किलोची. अमेरिकेची गाठ आकडेवारीत ४८० पौंडांची, भाव पौंडाला सेंटमध्ये. आपलं कापूस वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यांचं ऑगस्टला. 'यंदाच्या हंगामात इतक्या लाख गाठी' हे वाक्य दोन देशांत दोन वेगळे आकडे सांगतं आणि दोन्ही खरे असतात. १९९९ साली नासाचं मंगळावर गेलेलं यान एका चमूने पौंडात आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये बळ मोजल्यामुळे गमावलं गेलं. तिथे ते घडू शकतं, तर आपल्या कारकुनाचं काय. वेळेचंही तसंच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, आपण करतच नाही. मधल्या दोन-तीन आठवड्यांत 'दिवसअखेरचा भाव' कोणत्या घड्याळाचा, हे लिहून ठेवलं नाही तर पैशाचा हिशेब चुकतो.

नावांचं तर विचारू नका. परदेशी फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे तीन पाटील सापडतात. नाना एकाला 'विहिरीवाले' लिहायचे, दुसऱ्याला 'खालची आळी'. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारवर इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेच्या पासबुकात दुसरं. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर नोंदणी करायची, वेळ घ्यायची. सोय चांगली आहे. पण अशी कोणतीही प्रणाली आखणाऱ्याला स्पेलिंगचा हा गुंता आधी ठाऊक हवा. हे ज्ञान कॅलिफोर्नियात मिळत नाही, चोपडा-पारोळ्याच्या पोरापोरींकडे ते उपजत आहे.

माणसांशी बोलणंही अवघड झालं आहे. पूर्वी एका खोलीत मालक, मुनीम आणि मी असायचो. आता पडद्यावर सात देशांचे बारा चौकोन असतात, त्यांतले आठ काळे. बांगलादेशातल्या एका सूतगिरणीच्या कामात तिथला गोदाम कारकून दोन महिने प्रत्येक कॉलवर 'येस, ओके' म्हणत होता. धरणगावात मालक समोर असताना मुनीम कधी 'हे जमणार नाही' म्हणत नाही, मग तो तरी कसा म्हणेल? मी त्याला वेगळा फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धा तास आईवडिलांबद्दल, पावसाबद्दल बोललो. मग तो म्हणाला, भाईसाब, आमच्याकडे कंटेनर उघडल्यावर वजन पुन्हा होतं आणि ते नेहमी कमी भरतं, त्याची जागा तुमच्या प्रणालीत कुठेच नाही. पुन्हा ठिपकाच! असा फोन लावण्याचं सुचणं हे कौशल्य आहे आणि ते कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं.

कायदा हा विषय आमच्या वेळी ॲनालिस्टला लागतच नव्हता. आता त्याच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर खरेदीदारानेच भरायचा, हा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना. ज्यांनी कराचा दर आणि कर कोणी भरायचा हे तारखेनुसार बदलण्याची सोय आधी ठेवली होती त्यांचं निभावलं. बाकीच्यांचे मुनीम रात्र रात्र हाताने पावत्या दुरुस्त करत बसले. २५ मे २०१८ पासून युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तिथला ग्राहक 'माझी माहिती पुसा' म्हणू शकतो. आणि हिशेबाचा कायदा म्हणतो, बिलं अमुक वर्षं जपा. काय पुसायचं, काय ठेवायचं, हे ठरवायला प्रोग्रॅमर येत नाही, मला बसावं लागतं. आपल्याकडेही २०२३ मध्ये तसा कायदा झाला आहे. तरी परवाच एका दुकानात खतांच्या पावतीसाठी शेतकऱ्याच्या आधारकार्डाचा फोटो कोणीतरी स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेताना पाहिला. ही माहिती घ्यायचीच कशाला, असं विचारणारा माणूस ती प्रणाली आखताना तिथे नव्हता.

नाही म्हणता येणं. याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे.

अमेरिकेने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तमजुरीच्या मालाविरुद्ध कायदा केला, तो जून २०२२ पासून अमलात आहे. तेव्हापासून कपड्यांचे मोठे खरेदीदार विचारतात, कापूस कुठला? आपल्या सरकारनेही कस्तुरी कॉटन भारत या नावाने गाठीवर क्यूआर कोड लावून माग ठेवण्याची योजना आणली आहे. चांगलं आहे, आपल्या कापसाला नाव मिळेल. मी करोनापासून धरणगावातून काम करतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या जिनिंगवाल्यांनी मला बोलावलं. एक विक्रेता त्यांना असं सॉफ्टवेअर विकत होता की गाठीवरचा कोड स्कॅन केला की थेट शेतकऱ्याचा फोटो आणि शेताचा नकाशा दिसेल. परदेशी खरेदीदाराला दाखवायला फार सुंदर.

मी आवारात चार दिवस बसलो. गाड्या येतात, कापूस ओलीप्रमाणे आणि प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांवर पडतो. एका ढिगात वीस-तीस शेतकऱ्यांचा माल. ढिगातून तो रेच्यावर जातो, रुई होते, प्रेसमध्ये गाठ होते. मग त्या गाठीतला कापूस कोणत्या शेतकऱ्याचा? खरं उत्तर एकच: त्या ढिगात ज्यांनी ज्यांनी टाकला त्या सगळ्यांचा. फोटो एकाचा दाखवणं म्हणजे खोटं बोलणं, आणि उद्या तपासणी आली तर मालक आणि तो फोटोतला शेतकरी दोघंही गोत्यात. मी मालकांना सांगितलं की माग ढिगापर्यंतच ठेवा, ढिगाला नंबर द्या, त्या नंबरखाली सगळी नावं ठेवा, आणि खरेदीदाराला तेवढंच सांगा. विक्रेता चिडला. मालकांना पटलं. प्रणाली दिसायला साधी झाली, पण तिच्यात एकही आकडा खोटा नाही.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्यानंतर वर्षभरात आमच्या कामाच्या ठिकाणी फर्मान निघालं की बैठकांची टिपणं आणि गरजांची मांडणी यंत्राकडून करून घ्यायची. मी विरोध केला नाही. ज्या कामाला मला तीन दिवस लागायचे ते यंत्र दहा मिनिटांत करतं, आकृत्या काढतं, क्वेरी लिहितं, मी विसरलेली बाब कधी कधी आठवण करून देतं. त्याचा मला उपयोग आहे. पण एका कापसाच्या करारावरच्या बैठकीचं टिपण त्याने काढलं, त्यात भाव ठरलेला नसलेल्या सौद्यांसाठी लिहिलं होतं: 'भावाचा रकाना रिकामा असल्यास शून्य धरावा.' मांडणी सुबक, भाषा निर्दोष. वाचून माझे हात थंड पडले. २००३ मध्ये त्या पोराने १ टाकला होता, यंत्राने ० टाकला. बैठकीत कोणी ठिपक्याबद्दल बोललंच नव्हतं, मग यंत्राला तरी कसं कळणार? जे बोललं गेलं नाही ते ऐकण्याचं काम माझ्याकडेच राहिलं. आणि यंत्राचं लिखाण इतकं गुळगुळीत असतं की त्यातला खडा लागायला दात चांगले लागतात.

मला काळजी नव्या मुलांची वाटते. पूर्वी नवं पोर लागलं की पहिली दोन वर्षं बैठकीची टिपणं काढ, चाचण्या लिही, जुना प्रोग्रॅम वाचून सांग, असं खालचं काम करत करत ते धंदा शिकायचं. मीही तसाच चढलो. तीच खालची पायरी आता यंत्राने घेतली आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी मुलाला एखाद्या धंद्याची अंगभूत माहिती हवी आणि विचारायची हिंमत हवी. ते त्याला कॉलेजातच मिळायला पाहिजे.

आणि कॉलेजात काय चाललं आहे ते मी पाहिलं. गेल्या वर्षी प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला मला बाहेरचा परीक्षक म्हणून एका ठिकाणी बोलावलं होतं. अकरा गट. नऊ गटांचे विषय ग्रंथालय, दवाखाना किंवा हॉटेल. कागद जाड, सोनेरी अक्षरांची बांधणी. मी प्रत्येकाला एकच विचारलं: हे काम रोज करणाऱ्या कोणाशी तुम्ही बोललात? बहुतेकांनी माना खाली घातल्या. प्रकल्प विकत मिळतात, हे मुलांनाही माहीत, शिक्षकांनाही आणि पालकांनाही, कारण पैसे तेच देतात.

त्यांतली एक मुलगी एरंडोलकडची. विषय हॉटेल बुकिंग. ती आयुष्यात हॉटेलात राहिलेली नव्हती. मी सहज विचारलं, घरी काय करतात? वडील बाजार समितीत मापाडी. मग तोलाई कशी ठरते, विचारल्यावर ती जी बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबली नाही. हमाली कोणाकडून कापतात, ओला माल आला की वाद कसा होतो, इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर वडिलांचं काम कसं बदललं, हिशेबपट्टीवर काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत. मी म्हटलं, बाळ, हा प्रकल्प का नाही केलास? ती म्हणाली, "सर, ते आयटी नाहीये ना." तिचं ते वाक्य मनातून जात नाही. ती हुशार मुलगी आपल्या बापाचं काम संगणकाच्या लायकीचं नाही असं मानून बसली होती. तिला कोणी तसं शिकवलं नसेल, पण उलट शिकवणारंही कोणी भेटलं नाही.

ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो उभी राहिली, ते एरंडोलहून लांब नाही. तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतची वाट आपल्याच मातीतून गेली आहे, हे आपण भाषणांत सांगतो. वर्गात सांगत नाही.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आणि खान्देशातल्या संगणक महाविद्यालयांना माझी हात जोडून विनंती आहे. बीसीए-एमसीएच्या प्रकल्पाला तीन आठवडे प्रत्यक्ष कामाच्या जागी बसण्याची अट घाला: डाळमिल, केळीचं पॅकहाउस, जिनिंग, पतसंस्था, ग्रामपंचायत, भुसावळचं एखादं मालवाहतूक कार्यालय, काहीही चालेल. प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात कोणाशी बोललो आणि त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितलं ते मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत, जसं ऐकलं तसं लिहू द्या. इंग्रजी मांडणी नंतर यंत्रही करून देईल. तोंडी परीक्षेला त्या जागचा एक मुनीम किंवा मापाडी बोलवा आणि त्याला दोन प्रश्न विचारू द्या. त्याला मानधन द्या. याला नवी इमारत लागत नाही, संगणक लागत नाहीत.

पालकांनाही सांगणं आहे. प्रकल्पाचे पैसे मागायला मूल आलं तर देऊ नका. त्याऐवजी त्याला एक दिवस आपल्या कामावर घेऊन जा आणि कंटाळा येईपर्यंत बसवा.

मला जमेल तेवढं मी सुरू करतो आहे. येत्या हंगामात धरणगावच्या एका जिनिंगमध्ये सहा विद्यार्थ्यांना आठ दिवस बसू देण्याचं मालकांनी कबूल केलं आहे. त्या मापाड्याच्या मुलीला मी आधीच कळवलं आहे, म्हणजे पाच जागा उरल्या. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या कार्यालयात पत्र टाकावं, आपण ती माझ्याकडे पाठवाल असा विश्वास आहे. पहिले पाच दिवस लॅपटॉप घरी ठेवायचा, वही आणि दोन रंगांची पेनं आणायची. डबा सोबत हवा. काट्यावर पहिली गाडी पहाटे सहाच्या आधी लागते, त्यामुळे बाहेरगावच्या मुलांची रात्रीची सोय आमच्या घरी आहे.

आपला,
एक सिस्टीम ॲनालिस्ट,
धरणगाव, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)